चारुदत्त खासनिसांचं तीनदा नको

चारुदत्त खासनिसांनी आयुष्यात एकही गोष्ट ट्रेनिंगशिवाय केली नव्हती. रिटायर होण्याआधीसुद्धा त्यांनी 'रिटायर कसं व्हावं' असा चार आठवड्यांचा कोर्स केला होता. शेवटच्या परीक्षेत ब्याण्णव मार्क पडले, तेव्हा उरलेले आठ कुठे गेले याची त्यांनी ईमेलवर रीतसर चौकशी केली. सलाइनचे पंप बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस तो. बॉथेलमधल्या त्यांच्या घरी मिक्सरच्या बाजूलासुद्धा मिक्सर कसा लावावा याचा कागद चिकटवलेला होता. सुनेत्राबाई गेली बावीस वर्षं त्या कागदाकडे न बघता चटणी वाटत होत्या.

त्यामुळे अनया जेव्हा म्हणाली, "बाबा, आमचं लग्न तूच लावायचंस," तेव्हा त्यांना आनंद झाला हे खरं, पण तोंडातून पहिला प्रश्न आला तो असा, "त्याचं ट्रेनिंग कुठे मिळतं?"

अनयाचा होणारा नवरा टोबी पेगन होता. पेगन म्हणजे काय, हे एडिसनपासून सांगलीपर्यंतच्या नातेवाइकांना फोनवर सांगून सांगून सुनेत्राबाईंनी एक सुटसुटीत व्याख्या तयार केली होती. "निसर्गपूजक आहेत गं. झाडं, सूर्य, चंद्र, चार दिशा. सगळं आपल्यासारखंच, फक्त बूट घालून."

टोबीच्या मंडळाचं नाव 'थ्री अल्डर्स'. चौदा माणसं. या मंडळाच्या पद्धतीने, नदीकाठी, सप्टेंबरात लग्न व्हावं अशी टोबीची इच्छा होती. आणि नवरानवरीच्या हातांना दोरी बांधून लग्न लावणारा माणूस आपला बाप असावा अशी अनयाची. आता या राज्यात लग्न लावायला एकतर जज्ज लागतो, नाहीतर दीक्षा घेतलेला पुरोहित. टोबीने त्यावर सोपा उपाय सांगितला.

"ऑनलाइन होतं ते. पाच मिनिटं. नाव टाकायचं, बटण दाबायचं, तुम्ही पुरोहित."

चारुदत्तांनी टोबीकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर त्यांनी याआधी फक्त एकदा वापरली होती. टेस्ट व्हायच्या आधी टेस्टचा रिपोर्ट घेऊन आलेल्या एका सप्लायरवर.

"माझ्या मुलीचं लग्न," ते म्हणाले, "बटण दाबून पुरोहित झालेला माणूस लावणार नाही. मग तो मी असलो तरी."

"बाबा, मग थ्री अल्डर्सचं खरं ट्रेनिंग कर ना," अनया म्हणाली. "एक वर्ष आणि एक दिवसाचं असतं. आता सुरू केलंस तर ऑगस्टमध्ये शपथ, सप्टेंबरात आम्ही. परफेक्ट बसतं."

"एक दिवस वरचा कशाला?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"बफर," चारुदत्त म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना हा धर्म आवडला.

थ्री अल्डर्सची मुख्य पुरोहित लोरेन. सोमवार ते शुक्रवार ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची, आणि पौर्णिमेला निळा झगा घालून चंद्राला हाक मारायची. पंचवीस वर्षं रोज माणसांना 'फ्लॉस करता का' विचारून, आणि रोज 'हो' असं खोटं उत्तर ऐकून, समोरचा माणूस कधी खोटं बोलतोय हे तिला लगेच कळायचं. मंडळाचा सेक्रेटरी डेल. तो रिटायर्ड बसड्रायव्हर, सगळं वहीत लिहून ठेवणारा, आणि चौदा जणांत वेळेवर येणारा एकटाच.

चारुदत्तांनी पहिल्याच दिवशी ट्रेनिंग मॅन्युअल मागितलं. लोरेनने फ्रिजवरचं मॅग्नेट काढून अर्धा कागद त्यांच्या हातात दिला. त्यावर तीन ओळी होत्या. माणुसकीने वागा. पिऊन येऊ नका. खुर्च्या कोणीतरी आणा.

"बाकीचं?" चारुदत्तांनी विचारलं.

"बाकीचं आम्ही मनाने करतो," लोरेन म्हणाली.

मनाने केल्यामुळे काय काय झालं होतं, ते डेलने वही उघडून वाचून दाखवलं. एका पुरोहिताचा झगा मेणबत्तीवर पेटला आणि तो चार दिशांपैकी नदीच्या दिशेला धावत गेला. दुसरीने एका बाईने विश्वासाने सांगितलेली घटस्फोटाची गोष्ट, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला, बटाट्याचं सॅलड वाढता वाढता सगळ्यांना सांगितली, आणि ती बाई रांगेत तिसरी उभी होती. पण सगळ्यात मोठं दुखणं गार्थचं. गार्थला पुरोहित होताना प्यायचा शपथेचा प्याला तीनदा पुढे केला होता, तीनही वेळा तो नको म्हणाला होता. मग सगळ्यांनी त्याला घोळात घेतलं, अरे घे रे, तुझ्यासारखा दुसरा नाही रे. त्याने घेतला. पंधराव्या दिवशी तो मंडळाचा मोठा ढोल आणि दोन कढया घेऊन मोंटानाला निघून गेला.

"म्हणजे प्रॉब्लेम गार्थ नाही," चारुदत्त पेन काढत म्हणाले. "प्रॉब्लेम प्रोसेसमध्ये आहे."

त्यांनी नऊ महिने बसून शेहेचाळीस पानी नियमावली लिहिली. पुरोहिताचं वागणं कसं असावं, ट्रेनिंग काय असावं, सगळं कलमवार. रोज वीस मिनिटं ध्यान. रोज डायरी. दुसऱ्याची खासगी गोष्ट पोटात ठेवणं. प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट. झग्याची कड आगीपासून निदान एक फूट लांब. हे कलम लागू करायला ते स्वतः टेप घेऊन चौदा जणांच्या पायाशी गुडघ्यावर बसले. शपथेच्या दिवशी सकाळपासून उपास. नदीकाठची बदकं विधीत शिरली तर काय करायचं, याला वेगळं पान.

आणि गार्थच्या स्मरणार्थ कलम चौदा. शपथेचा प्याला तीनदा पुढे करावा. उमेदवार तीनदा नाही म्हणाला तर तो नकार पक्का समजावा, आणि त्याला पुन्हा विचारायचं ते एक वर्ष एक दिवसानंतर. मधल्या काळात कुठल्याही पुरोहिताने कोणालाही, कशाचाही, कोणत्याही प्रकारे आग्रह करू नये.

सुनेत्राबाईंनी ते कलम चष्मा लावून वाचलं. "कोणालाही आग्रह करायचा नाही?"

"नाही."

"कशाचाच?"

"नाही म्हणजे नाही, सुनेत्रा. माणसाच्या शब्दाचा मान ठेवायला शिकलं पाहिजे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात न विचारता तिसरी पोळी टाकली. ती त्यांनी खाल्ली.

लिहिलेलं सगळं ते स्वतः आधी पाळत होते, हे मात्र मान्य करायला हवं. रोज सकाळी साडेसहाला ते मागच्या अंगणात झाडाखाली ध्यानाला बसत. बॉथेलमध्ये नोव्हेंबर ते मे पाऊस असतो, म्हणून रेनकोट घालून बसत. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी कुंपणावरून वाकून विचारलं, बायकोने घरात घेतलं नाही का. गुप्तता तर त्यांनी इतकी कडक पाळली, की रात्री जेवताना सुनेत्राबाईंनी "आज काय झालं रे मंडळात?" असं विचारलं की ते घास खाली ठेवून "सांगता येत नाही" म्हणत. सुनेत्राबाई "ठीक आहे" म्हणत. त्यांना ते दुपारीच लोरेनने फोनवर सांगितलेलं असे.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी शपथ ठरली. लोरेनच्या परसात चौदा माणसं गोल उभी राहिली. उन्हाळ्यात सगळ्या भागात आग पेटवायला बंदी होती, म्हणून मध्यभागी बॅटरीवरचा कंदील ठेवला होता. त्याचंही कलम होतं. सुनेत्राबाई, अनया आणि टोबी बाजूच्या खुर्च्यांवर बसले होते. खुर्च्या चारुदत्तांनीच आणल्या होत्या. दुपारचे चार वाजले होते आणि कलम नऊप्रमाणे त्यांच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं.

या विधीची त्यांनी सहा वेळा तालीम केली होती. तालमीत डेल रिकामा पेला पुढे करायचा आणि बसचा पुढचा स्टॉप सांगावा तसा म्हणायचा, "उमेदवार शपथ घेणार का?" चारुदत्त म्हणायचे, "घेणार." सहाही वेळा चोख.

पण प्रत्यक्षात प्याला लोरेनच्या हातात होता. वर्षभर या माणसाने आपल्या मंडळासाठी किती केलं, या विचाराने लोरेनचे डोळे भरून आले. ती तालमीतलं वाक्य विसरली. प्याल्यात सफरचंदाचा रस काठोकाठ भरला होता, आणि तिने प्रेमापोटी त्याच्यासोबत स्वतः भाजलेला लेमन बार, म्हणजे लिंबाची वडीही एका बशीत ठेवला होता. ती चारुदत्तांसमोर आली, किंचित वाकली, आणि हळूच म्हणाली,

"चारू, घेणार ना?"

समोर भरलेला पेला. बशीत खायचा पदार्थ. देणारी बाई, आणि बघणारी चार परकी माणसं. चारुदत्तांचा उजवा हात, मालकाला न विचारता, छातीवर गेला.

"नको नको," ते हसून म्हणाले. "तुम्ही घ्या आधी."

लोरेनच्या भुवया वर गेल्या. वर्तुळात कोणीतरी खोकलं. ती थोडी पुढे झाली.

"चारू. घेणार?"

"अहो खरंच नको. मला काही नाही लागत. डेलला द्या, तो मोठा आहे माझ्यापेक्षा."

खुर्चीवर सुनेत्राबाईंनी डोळे मिटले. पुढे काय होणार हे त्यांना नीट माहीत होतं. अडतीस वर्षं त्या ते बघत आल्या होत्या. अनया अर्धी उठली. लोरेनने तिसऱ्यांदा प्याला पुढे केला, या वेळी अगदी त्यांच्या हनुवटीपाशी.

चारुदत्तांच्या पोटातून सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला.

"नाही हो," ते म्हणाले. "आत्ताच झालंय माझं."

हे वाक्य हवेत गेलं आणि ते जागे झाले. चौथ्यांदा विचारतील या भरवशावर त्यांचा हात पुढे यायलाही लागला होता. पण लोरेनने ट्रेनिंग घेतलेलं होतं, त्यांच्याकडूनच. तिने प्याला मागे घेतला. डेलने घड्याळ बघितलं, वहीत तीन उभ्या रेघा मारल्या आणि वही मिटली.

परतीची गाडी हायवेला लागली.

"बाबा, व्हॉट वॉज दॅट?" मागच्या सीटवरून अनया म्हणाली.

"भूक लागली होती त्यांना," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"आई, भूक लागली तर माणूस हो म्हणतो."

"तू इथे जन्मलीस ना," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

चारुदत्त गाडी चालवत होते. "अनया," त्यांनी विचारलं, "सप्टेंबर पुढच्या सप्टेंबरवर नाही का ढकलता येणार?"

"शंभर माणसांची तिकिटं झालीयेत, बाबा. मोहनमामा प्लेनोहून बावीस जणांना आणतोय." मग तिचा आवाज बारीक झाला. "मला फक्त तूच हवा होतास रे. दुसरं काहीच मागितलं नव्हतं."

हे ऐकल्यावर त्यांचं हायवेवरून उतरायचं एक्झिट चुकलं. त्यांचं एक्झिट कधी चुकत नसे.

एक वाट होती. कलम चौदाच्या पोटात त्यांनीच एक पोटकलम घातलं होतं: नकार हा खरा नकार नव्हता असं प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध झालं, तर समितीने प्याला पुन्हा पुढे करावा. समिती तिघांची. त्यातले एक चारुदत्त स्वतः. ते बाजूला झाले. उरले लोरेन आणि डेल. दोन आठवड्यांनी बैठक ठरली.

आता प्याला पुन्हा पुढे आला तर पुन्हा घोटाळा व्हायला नको, म्हणून चारुदत्तांनी स्वतःला ट्रेनिंग द्यायचं ठरवलं. पहिल्या विचारण्याला हो. टायमर लावून. सुरुवात घरात झाली.

"पोळी?" सुनेत्राबाई विचारत.

"हो."

"भात?"

"हो."

"अजून भात?"

"हो."

चौथ्या दिवशी सुनेत्राबाईंनी विचारणं बंद केलं, कारण कणीक संपली. मग त्यांनी बाहेर सराव सुरू केला. दारावर सोलर पॅनलवाला आला, त्याला हो. शेजारच्या बाईंनी त्यांच्या दोन मांजरांना आठवडाभर सांभाळाल का विचारलं, हो. प्लेनोहून मोहनचा फोन आला, अलास्काच्या क्रूझचे फोटो व्हिडिओ कॉलवर दाखवू का, चारशे आहेत. चारुदत्त हो म्हणाले आणि मांजरं मांडीवर घेऊन तीन तास हिमनद्या बघत बसले. मोहन सुनेत्राबाईंचा धाकटा भाऊ. लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत मेव्हण्याने आपलं काहीतरी पहिल्या झटक्यात ऐकलं, याचं त्याला इतकं नवल वाटलं की त्याने बहिणीला मेसेज करून तब्येत विचारली.

बैठक लोरेनच्या डायनिंग टेबलवर झाली. आधी सुनेत्राबाईंची साक्ष.

"आमच्यात पहिला नको मोजत नाहीत," त्या म्हणाल्या. "तो सभ्यपणाचा. दुसरा नको म्हणजे ऐकू आलं, पण थोडं द्या. तिसरा नको म्हणताना माणूस भांड्यात किती उरलंय ते बघत असतो."

"आणि खरा नको?" डेलने लिहिता लिहिता विचारलं.

"खरं नको असेल तर ताटावर आडवा पडतो. दोन्ही हात असे." त्यांनी टेबलावर पडून दाखवलं.

"शपथेच्या दिवशी हे आडवे पडले नव्हते," डेलने वहीत बघून सांगितलं. हा मुद्दा चारुदत्तांच्या बाजूने जात होता.

"पण पोटकलमात प्रत्यक्ष पुरावा म्हटलंय, चारू," लोरेन म्हणाली. "नुसती साक्ष चालत नाही."

"बरोबर," चारुदत्त म्हणाले. ते त्यांनीच लिहिलं होतं. साक्षीदारांवर त्यांचा विश्वास नव्हता, आकड्यांवर होता.

लोरेन पाणी आणते म्हणून आत गेली आणि लेमन बारची मोठी बशी घेऊन आली. अगदी सहज, जाता जाता, त्यांच्या खांद्यापाशी थांबून तिने विचारलं, "चारू, एक घे—"

"हो," चारुदत्त म्हणाले, आणि दोन उचलले.

डेलने वहीतून मान वर केली. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, आणि चावता चावता त्यांना समजलं. ते चावायचे थांबले. तोंड भरलेलं होतं. गिळता येईना आणि थुंकताही येईना.

"नकार: शून्य," डेल म्हणाला आणि लिहिलं.

"थांब, हे ट्रेनिंगमुळे झालंय," चारुदत्त तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. "दोन आठवडे प्रॅक्टिस केलीय मी. आधीचा डेटा घ्या. हा डेटा दूषित आहे."

"हा डेटा प्रत्यक्ष आहे," डेल म्हणाला. त्याचा आवाज मात्र पडलेला होता.

विषय बदलावा म्हणून लोरेनने बशी सुनेत्राबाईंपुढे धरली. "तुम्ही?"

"नको गं, घरून खाऊन आलेय."

"नक्की?"

"नको, नको."

"एक तरी?"

"छे, मला गोड चालत नाही."

लोरेनने मान डोलावली, माणसाच्या शब्दाचा मान ठेवला, आणि बशी आत नेऊन ठेवली. सुनेत्राबाईंची नजर बशीबरोबर टेबलावरून दारापर्यंत आणि दारातून ओट्यापर्यंत गेली. डेलने ते पाहिलं. त्याने वहीत लिहिलं: पत्नीचे डोळे बशीवर, सुमारे अकरा सेकंद. पण अर्ज पत्नीचा नव्हता.

निकाल विरुद्ध गेला. लोरेनला ते सहन होईना. तिने नियमावलीतलं ते पान समोर ओढलं.

"चारू, मी मुख्य पुरोहित आहे. तू फक्त म्हण, मी हे पान आत्ता फाडते. अनयाचं लग्न तू लाव. गार्थचं काय एवढं, ढोल आपण नवा आणला."

चारुदत्तांनी पानाकडे बघितलं. नऊ महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात आवडतं पान होतं ते. गाडीतला अनयाचा बारीक आवाज त्यांच्या कानात होता, आणि पहिल्या विचारण्याला हो म्हणायची दोन आठवड्यांची सवय जिभेच्या टोकाला आली होती. त्यांनी उरलेला लेमन बार तोंडात कोंबून जीभ अडवली. मग पाणी पिऊन म्हणाले,

"हे फाडलंस तर उरलेल्या पंचेचाळीस पानांचं काय? पहिल्या दिवशी आलो तेव्हा फ्रिजवर अर्धा कागद होता. पुन्हा तिथेच जायचं?"

लोरेनने त्यांच्या दातांकडे बघितलं. चारू खरं बोलत होता.

"पुढच्या ऑगस्टमध्ये विचार," ते म्हणाले. "वर एक दिवस."

घरी आल्यावर त्यांनी अनयाला स्वतः फोन करून सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा एक ओळीचा मेसेज आला, लोरेन लावेल, तू नीट जेवून ये.

लग्न नदीकाठच्या पार्कमध्ये होतं. मुहूर्त सव्वापाचचा, कारण सूर्य मावळला की पार्क बंद होतं आणि रेंजर गाडी घेऊन सगळ्यांना हाकलतो. गवतावर मोठं वर्तुळ आखलं होतं आणि आत जायला देवदाराच्या फांद्यांची एक कमान. नियमाप्रमाणे लोरेन कमानीत उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, स्वतःच्या इच्छेने आत येता का. हो म्हणाला की आत. टोबीकडची माणसं पाच मिनिटांत आत जाऊन उभी राहिली. मग आपली मंडळी आली. पैठण्या, कुर्ते, शेले, एकूण शंभर.

सगळ्यात पुढे मोहनमामा. लोरेनने त्याला गोड आवाजात विचारलं.

"आधी लेडीज," मोहनमामा म्हणाला आणि बाजूला झाला.

मागे एडिसनच्या रेणूमावशी. "छे, मी कशी? मुलाकडच्यांना आधी जाऊ दे सगळ्यांना."

"गेले ते सगळे," लोरेन म्हणाली.

"मग वडीलधाऱ्यांना. विवेकदादा, तुम्ही व्हा पुढे."

"माझं काय, मी आपला मागेच बरा," विवेकदादा म्हणाले आणि चार पावलं मागे सरकले. ते मागे सरकल्यामुळे त्यांच्या मागचे मागे सरकले. पाऊण तासात रांग कमानीपासून पार्किंग लॉटपर्यंत गेली. मोहनमामाला लोरेनने तीनदा विचारून झालं होतं, म्हणजे कलम चौदा धरलं तर आता त्याला पुढच्या सप्टेंबरपर्यंत आत घेता येत नव्हतं. आग्रह करायला तिला बंदी. वर्तुळाच्या मध्यावर अनया हिरव्या नऊवारीत उभी होती, आणि तिच्या मागे सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकायला आला होता.

लोरेनने गर्दीत चारुदत्तांना शोधलं. ते पुरोहित नव्हते, म्हणून खुर्च्यांपाशी उभे होते. तिच्या डोळ्यांत पंचवीस वर्षांत कोणी पाहिली नसेल अशी घाबरी कळा होती.

चारुदत्तांनी कलम चौदा मनात शब्दशः वाचलं. कुठल्याही पुरोहिताने आग्रह करू नये. पुरोहिताने.

ते चालत कमानीपाशी आले, मोहनमामाच्या दंडाला धरलं आणि त्याला आत लोटलं.

"चल रे, उगाच काय भाव खातोस. रेणूताई, या, या, तुमच्याशिवाय अडलंय सगळं. विवेकदादा, ऐकून घेणार नाही मी. अहो काकू, आमचा मान ठेवा आणि आत चला."

"बरं बाबा, एवढं म्हणतोयस तर," रेणूमावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या मागे पैठण्यांची लाट कमानीतून आत आली. सहा मिनिटांत शंभर माणसं. डेल घड्याळ लावून बघत होता. मोहनमामाच्या नावापुढच्या तीन रेघांचं काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने त्यांच्यावरून एक प्रश्नचिन्ह काढलं.

लोरेनने चार दिशांना पटापट बोलावलं. बदकं आली नाहीत. अनया आणि टोबीने हातावर हात ठेवला. लोरेनने लाल दोरी उचलली, आणि थांबली.

"कागदावर सही मीच करायची," ती म्हणाली. "पण गाठ पुरोहितानेच मारावी असं शेहेचाळीस पानांत कुठे नाही. मी काल रात्री बसून वाचलीत. चारू, बांधणार?"

गाठीचं कलम राहून गेलं होतं. हे ऐकून चारुदत्तांना एकाच वेळी लाज वाटली आणि भरून आलं. बैठकीनंतर हो म्हणायची प्रॅक्टिस सुटली होती. समोर शंभर माणसं होती.

"नको नको," ते म्हणाले. "तूच बांध."

"बाबा," अनया दातओठ खाऊन म्हणाली.

"बांधणार?"

"अगं मला कुठे येतंय."

"चारू?"

"राहू दे. तुझा मान आहे तो."

शंभर मराठी माणसं शांतपणे चौथ्याची वाट बघत होती. त्यांना यात काहीच वावगं दिसत नव्हतं. टोबीकडच्यांनी श्वास रोखला. डेलची पेन्सिल हवेत होती. लोरेनने सुनेत्राबाईंकडे बघितलं. सुनेत्राबाईंनी मांडीवरचा हात उचलून वाढायची खूण केली.

ही शपथ नव्हती, दोरी होती. लोरेन पुढे झाली आणि पोळी टाकावी तशी ती दोरी तिने त्यांच्या हातात टाकली.

"बरं," चारुदत्त म्हणाले. "आता एवढं करतेयस तर."

त्यांनी गाठ मारली. एकतीस वर्षं पंपांची खोकी प्लेनोपासून पॅरिसपर्यंत न सुटता पोचवायची जी गाठ होती, ती मारली. वर दुसरी मारली. ओढून तपासली. मग वाकून पुन्हा तपासली, आणि तेव्हाच अनयाला दिसलं की तिच्या बापाचे डोळे वाहत होते.

या विधीत हात शेवटी दोरीतून अलगद सोडवून घ्यायचे असतात. ते सुटले नाहीत. टोबीने ओढून बघितलं, मोहनमामाने दातांनी प्रयत्न केला. कात्री मागितली तर रेणूमावशी म्हणाल्या की लग्नाच्या दिवशी दोरी कापायची नाही, आणि या एका गोष्टीवर पेगन लोकांचंही तेच मत निघालं. तेव्हा नवरानवरीने सही तशीच केली, टोबीने डाव्या हाताने, आणि दोघं तशीच जेवायला बसली. अनया मधूनमधून त्याला भरवत होती, कारण त्याचा उजवा हात तिच्या डाव्यात होता. रेंजर दोनदा येऊन गाडीचे दिवे मारून गेला. शेवटी लोरेनने पूजेच्या पिशवीतून, धुपाच्या जुडीखालून, दात कोरायची स्टीलची आकडी काढली आणि दिवसभर पेशंटशी बोलते तशी बोलत बोलत, आता जरासं टोचेल हं, गाठ सोडवली.

डेल वही घेऊन चारुदत्तांशेजारी येऊन बसला. "कलम चौदात तीनाचे चार करायचे का?"

"एका लग्नावरून नियम बदलत नाहीत," चारुदत्त जिलबी मोडत म्हणाले. "डेटा गोळा करा. ऑगस्टमध्ये बघू."

पलीकडे लोरेन लेमन बारचं ताट घेऊन पंगतीतून फिरत होती. ती सुनेत्राबाईंपाशी आली, आणि काही न विचारता दोन बार त्यांच्या ताटात ठेवून पुढे गेली.

"अगं, एवढे कशाला," सुनेत्राबाई तिच्या पाठीला म्हणाल्या, आणि ताट जवळ ओढलं.